एका रेघेची आत्या

काप्रेतो, संत लुचियाचा दिवस, डिसेंबर १३८६

प्रिय लापो,

डोंगरावरून तुला आशीर्वाद. खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत हे पत्र खेचरवाल्याबरोबर धाडतो आहे. तो म्हणाला, "बाबा, पत्र लहान लिहा, खेचर म्हातारं झालंय." म्हणून लहानच लिहितो.

नव्या बिशपांचं फर्मान इथं पोचलं. ईस्टरनंतर त्यांचे तपासनीस, कायद्याचे पंडित तेबाल्दो, गावोगाव फिरून प्रत्येक धर्मगुरूच्या घरात कोण बाई राहते ते पाहणार आहेत. जिला राहण्याची मुभा धर्माच्या कायद्यात नाही, तिनं त्याच दिवशी घर सोडायचं. मी हे चर्चमध्ये वाचून दाखवलं, तेव्हा मागं उभ्या असलेल्यांत कुणीतरी खोकलं आणि मग सगळं गाव खोकलं. थंडी फार आहे.

माझ्या घरी नुता आत्या आहे हे तुला ठाऊकच. हिवाळ्यात तिची छाती भरते. या घरातून तिला कुठं धाडू? ती फक्त भांडी जरा जोरात घासते.

तू कॅथेड्रलच्या ग्रंथांचा रखवालदार. साखळीनं बांधलेला तो धर्मकायद्याचा मोठा ग्रंथ तुझ्याच ताब्यात आहे. त्यात याविषयी नेमकं काय लिहिलं आहे ते पाहून कळव. गुरुजींकडे तू अक्षरं गिरवत होतास तेव्हा मी त्यांच्या शेळ्या वळत होतो, त्यामुळे शुभवर्तमानापलीकडे माझी मजल नाही.

तुझा,
वेंतुरा

सोबत चेस्टनटचं पीठ आहे. आत्या म्हणते, शहरातल्या पिठात भुसा असतो.


मोंतालेरा, तीन राजांच्या सणानंतर, जानेवारी १३८७

प्रिय वेंतुरा,

पीठ पोचलं. फियोरेनं त्याच्या भाकरी केल्या. फियोरे म्हणजे माझं घर पाहणारी. तू तिला पाहिलं नाहीस, पण तिनं विणलेले मोजे तुझ्या पायांत आहेत. तुझ्या 'आत्याला' माझा नमस्कार सांग. डोंगरात तुम्ही आत्या म्हणता, शहरात आम्ही पुतणी म्हणतो. देवाला दोन्ही भाषा कळतात.

आता ग्रंथाची कुळकथा ऐक. दीडशे वर्षांपूर्वी आमचे एक बिशप कायदा शिकायला बोलोन्याला गेले. काय शिकले ते कुणाला कळलं नाही, पण परत येताना हा ग्रंथ घेऊन आले. तिथं गरीब विद्यार्थी दुकानातून एकेक भाग भाड्यानं आणून नक्कल करतात, त्यामुळे ग्रंथात चार-पाच हात आहेत. एकाचं अक्षर गोल गरगरीत, म्हणजे जेवलेला पोरगा. दुसऱ्याचं बारीक, चिकटलेलं, जणू अक्षरं थंडीत एकमेकांना बिलगून बसली आहेत. तुझा प्रश्न नेमका त्याच्या पानावर आहे. पुढं कॅथेड्रलच्या धर्मगुरू-मंडळाच्या एका अध्यक्षांनी ग्रंथाखाली चीज दाबायला ठेवलं होतं. उपवासाच्या प्रकरणावर अजून त्याचा गोल डाग आहे. मग वेढ्याच्या वेळी तो दरवाज्याला आधार म्हणून लावला. तेव्हापासून तो फार पवित्र मानला जातो आणि कुणी वाचत नाही.

ओळ अशी आहे. धर्मगुरूच्या घरात कोणतीही बाई नसावी, अपवाद आई, बहीण, आणि पुढं एक लॅटिन शब्द. तो 'आमिता' असेल तर बापाची बहीण, म्हणजे आत्या. 'आमिका' असेल तर मैत्रीण. फरक एका अक्षराचा, आणि त्या काळच्या लिपीत ती दोन्ही अक्षरं जुळ्या भावांसारखी दिसतात. वरची आडवी रेघ किंचित पुढं गेली की एक, नाही गेली की दुसरं. या पोराची रेघ पुढं जाऊ की नको असं करत थांबली आहे. त्यापुढं मावशी असावी, पण ती उंदरानं खाल्ली.

समासात आमच्या विद्वानांनी टिपा लिहिल्या आहेत. एक म्हणतो, "मैत्रीण, म्हणजे धर्मकार्यातली." त्याखाली दुसरा, "आणि म्हातारी." त्याखाली तिसरा, "म्हातारी कुणी म्हटलं?" या शेवटच्या टिपेकडे बोट दाखवणारा एक हात काढला आहे, सुंदर, बाहीसकट.

ही लिपी आता माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. मी वाचीन तेच वाचलं जातं. तू निश्चिंत राहा. काय वाचायचं ते मला कळतं.

तुझा,
लापो


काप्रेतो, राखेचा बुधवार, फेब्रुवारी

प्रिय लापो,

तुझा नमस्कार आत्याला वाचून दाखवला. खूश झाली. म्हणाली, "शहरात राहून पोराला वळण आहे." तुमच्याकडे सगळ्यांच्या पुतण्या घर सांभाळायला येतात हे वाचून बरं वाटलं. आमच्या भावांच्या पोरी शेळ्यांतून मोकळ्याच होत नाहीत.

मावशीचं वाईट वाटलं. उंदराचा काही दोष नाही. पान चामड्याचं, आणि त्याला सगळं चामडंच.

एवढ्या मोठ्या ग्रंथात देवानं एका रेघेवर आत्याला टांगून ठेवलं आहे, याचा मी विचार करत बसतो. शेळ्यांना पाणी दाखवताना करतो, प्रार्थना म्हणतानाही करतो. तेवढ्यात ती येते आणि विचारते, "कान धुतलेस का रे?" माझ्याहून वयानं लहान आहे, पण अजून विचारते. मी पन्नाशीला आलो.

तू फक्त खरं ते वाच. खरं वाचलंस की आत्या राहील.

तुझा,
वेंतुरा


मोंतालेरा, उपवासकाळाचा तिसरा आठवडा, मार्च

वेंतुरा, तिला म्हणावं भांडी हळू घास. काम फत्ते!

पंडित तेबाल्दो आले. तिशीच्या आतले, काठीसारखे, जेवताना वाइनऐवजी पाणी पितात. मंडळाच्या सगळ्या महागुरूंसमोर त्यांनी ग्रंथ उघडायला लावला आणि म्हणाले, "वाचा."

मी चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "आई, बहीण किंवा आमिका."

सभेत असा सुस्कारा सुटला की मेणबत्त्या फडफडल्या.

"आमिता असणार," पंडित म्हणाले. "बोलोन्यातल्या प्रत्येक प्रतीत आमिताच आहे."

आमचे अध्यक्ष गेरार्दो उभे राहिले. त्यांच्या पुतणीला तू ओळखत नाहीस, पण तिचा आवाज चौकापर्यंत येतो. ते म्हणाले, "त्या प्रती नव्या, पंडित. आमचा ग्रंथ जुना. आणि बिशपांनी गादीवर बसताना शपथ घेतली आहे ती या ग्रंथाप्रमाणे चालण्याची. बोलोन्याच्या नव्हे."

"पण मैत्रीण? धर्मगुरूच्या घरात?"

"अक्षरापुढे आपली अक्कल चालवू नये, असं आम्हाला शिकवलंय," गेरार्दो म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बाकीच्यांनीही मिटले. फार भक्तिमय देखावा होता.

पंडितांनी स्वतः ओळीवर वाकून पाहिलं, पण ती लिपी त्यांना लागेना. मग म्हणाले, "ठीक. अक्षर तर अक्षर. आई, बहीण, मैत्रीण. यात आत्या नाही. जिथं जाईन तिथं आत्या म्हणून सांगितलेली बाई त्याच दिवशी बाहेर काढीन."

आम्हाला हसू आवरेना. आता आत्या म्हणवून कोण घेणार? मैत्रिणीला कायदाच मिळाला!

एक सांगतो. फियोरेसाठी मला एवढा धीर झाला नसता. ओळीवर बोट ठेवलं तेव्हा तुझंच पत्र डोळ्यांपुढं होतं. तपासनीस आले की शपथेवर एवढंच म्हण, "ही माझी मैत्रीण." 'आत्या' हा शब्द चुकूनही काढू नकोस.

तुझा,
लापो


काप्रेतो, झावळ्यांच्या रविवारानंतर

लापो,

तुझं पत्र वाचून मी वेदीपुढे जाऊन बसलो. मेणबत्ती लावायचंही सुचलं नाही.

नुता माझी आत्या आहे. आत्या म्हणजे आत्या. आजी गेल्यावर आजोबांनी ओल्मेतो गावात दुसरं लग्न केलं, त्या बायकोची ही मुलगी. माझ्या बापाची सावत्र बहीण. तिच्या बाप्तिस्म्याला मी मेणबत्ती धरली होती आणि झबल्याची कड जाळली होती. ते ती अजून काढते. तुला हे ठाऊक असेल असं मी धरून चाललो.

आणि आता आणखी एक कळलं. इतकी वर्षं लोक मला विचारतात, "बाबा, आत्या कशी आहे?" आणि हसतात. मला वाटायचं, मायेनं हसतात.

तिला सांगितलं. ती भाजी ढवळत होती.

"म्हणजे खरी आत्या आहे म्हणून मी बाहेर?"

"हो."

"आणि खोटी असते तर?"

"मैत्रीण म्हणून राहिली असतीस."

"हा ग्रंथ माणसानं लिहिलाय की त्या उंदरानं?"

मग मी चार दिवस विचार केला. प्रभूनं आपल्या शिष्यांना मित्र म्हटलं होतं. जी माझं भलं चिंतते, मला तोंडावर खरं सांगते, ती मैत्रीण नाही तर कोण? त्या अर्थानं शपथ खोटी होणार नाही असं मला वाटलं, आणि मी आनंदानं घरी येऊन तिला सांगितलं.

ती म्हणाली, "तुझ्या बापाची बहीण आहे मी. वयानं लहान असेन, मानानं मोठी आहे. माझ्या बापानं मला आत्या करून ठेवलंय, आणि तू मला मैत्रिणीवर उतरवतोस? वर गेल्यावर भावाला काय तोंड दाखवू?"

आता तूच सांग मी काय करू. ती गेली तर शेजारी मेलेल्या पास्काचं घर आहे, अर्ध्या छपराचं. दुसरीकडे तिचं कुणी नाही.

वेंतुरा


मोंतालेरा, ईस्टरचा मंगळवार, एप्रिल

वेंतुरा,

खरंच आत्या? मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. त्यातली प्रत्येक ओळ मी डोळा मिचकावून वाचली होती. आता पाहतो तर तू कुठंच मिचकावलेला नाहीस.

पण भरसभेत वाचलेलं मागं कसं घेऊ? घेतलं तर सगळं मंडळ माझ्या नावानं शिमगा करील, आणि माझ्याही घरात फियोरे आहे. समजून घे. एक शब्द तर आहे. म्हण आणि मोकळा हो, सगळे म्हणतात.

हे फियोरेला वाचून दाखवलं. तिनं सूप वाढलं, त्यात मीठ नव्हतं.

लापो


काप्रेतो, मे महिना

लापो, ही नुता बोलते आहे. लिहितोय वेंतुरा. सांगेन तो शब्द न् शब्द लिहायचा असं बजावलंय, आणि हा आत्ताच विचारतोय, "हे पण लिहू?" लिही.

तुमचा पंडित आला. पावसानं भिजलेला, काठीला कपडे घातल्यासारखा. त्याला चुलीपुढं बसवलं, जोडे काढायला लावले, कांद्याचं सूप दिलं. दोन वाडगे प्याला. मग कागद काढून म्हणतो, "बाई, तुम्ही या धर्मगुरूंच्या कोण?"

वेंतुरानं तोंड उघडलं. मी म्हटलं, "तू गप. खोटं बोलायच्या आधी तुझी हनुवटी हलते." आणि पंडिताला सांगितलं, "आत्या."

तो हसला. म्हणाला, "सगळ्या तशाच असतात."

"कशा असतात?"

वेंतुरा, थांबू नकोस, लिही. तो लाल झाला. मी पाहिलं तर पाहुण्याचे पाय तसेच ओले, आणि हा माणूस कोरडे मोजे द्यायचे सोडून प्रार्थना पुटपुटत उभा. मी याचा कान धरला. "देव कुठं पळून चाललाय? आधी मोजे आण!" म्हणून खोलीपर्यंत कानाला धरून नेला. परत आले तर पंडित हसत नव्हता.

"माझी आत्या कान असाच धरायची," तो म्हणाला. "असाच, पिळून. तुम्ही खरोखर आत्या आहात."

"मग काय म्हणतेय मी?"

"मग तुम्हाला जावं लागेल. मैत्रीण असता, तर..." चांगला पोरगा आहे. पण तुमच्या ग्रंथासारखाच साखळीनं बांधलेला.

तर मी आता पास्काच्या घरात आहे. छपराला भोक आहे, पण खाट सोडून बाकी सगळीकडे पाऊस पडतो असं वेंतुराला सांगितलंय. खाटेवरच पडतो. हे लिहू नकोस. बरं, लिहिलंस तर राहू दे.

आणि पुढचं ऐक. रविवारी गावातल्या तीन विधवा टोपल्या घेऊन दारात. "बाबांकडे मैत्रिणीची जागा रिकामी झाली म्हणे!" एकीनं बदक आणलं होतं, जिवंत. वेंतुरा घंटेच्या मनोऱ्यात जाऊन बसला, संध्याकाळपर्यंत घंटा पुसत होता.

लापो, तुझ्या आईनं तुला चष्मा दिला नव्हता, डोळे दिले होते. परत वाच. मी रागावलेली नाही. खरं म्हणजे रागावले आहे, ते आधीचं वाक्य खोड.

(खोडत नाही. दोन्ही खरी आहेत. लापो, भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू येतो. थांबला की जास्त भीती वाटते. वेंतुरा)


मोंतालेरा, संत योहानच्या सणानंतर, जून

प्रिय वेंतुरा,

पंडित डोंगरातून परतले आणि त्यांनी पुन्हा सभा बोलावली. म्हणाले, "बिशपांचा सगळा मुलूख फिरलो. घरोघरी मैत्रिणी भेटल्या, कायद्यानं शुद्ध. एकाच बाईला मला घराबाहेर काढावं लागलं, आणि तीच एक नातेवाईक होती. पुन्हा वाचा."

मी वाकून पाहिलं. खरं सांगतो, ते अक्षर हेही नाही आणि तेही नाही. बोटं आखडलेल्या एका पोरानं ओढलेली रेघ आहे. अर्ध्यावर त्यानं मान वळवून शेगडीकडे पाहिलं असेल, आणि तेवढ्यात आमचा दीडशे वर्षांचा कायदा झाला. पण पोराच्या मनात कोणता शब्द होता ते मला ठाऊक होतं. मार्चमध्येही होतं.

मी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "आमिता," मी वाचलं.

"गेल्या वेळी आमिका होती," गेरार्दो म्हणाले.

"गेल्या वेळी काचेवर वाफ होती."

"आणि आज?"

"आज पुसली."

तुला वाटेल, मंडळावर आभाळ कोसळलं. छे. रविवार उजाडायच्या आत सगळ्या मैत्रिणींच्या आत्या झाल्या. गेरार्दोंच्या आत्या जन्मल्या तेव्हा गेरार्दोंचे केस पिकायला लागले होते. पण त्यांनी हात वर करून शपथ घेतली की आजोबा फार दणकट होते. सभेत आजोबांच्या दणकटपणाबद्दल एकमत झालं. पंडितांनी सगळं लिहून घेतलं. ते लिहिताना त्यांची लेखणी दोनदा मोडली.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुमच्या घरी?"

आदल्या दिवशी मी फियोरेला हेच समजावलं होतं, की एक शब्द तर आहे. ती म्हणाली, "पंधरा वर्षं चारचौघांत मला पुतणी म्हटलंत, ऐकून घेतलं. मधे मैत्रीण म्हटलंत तेव्हा बरं वाटलं, कारण ते खरं होतं. आता आत्या म्हणालात तर ही कढई डोक्यात घालीन."

म्हणून मी पंडितांना सांगितलं, "माझ्या घरी आत्या नाही."

ती त्याच दिवशी गाठोडं घेऊन गेली. धुणं धुणाऱ्या बायकांबरोबर एका ओलसर खोलीत राहते. एवढा मोठा कायदा, एवढी तपासणी, आणि त्यात सापडल्या दोघीच. दोघीही खरं बोलल्या म्हणून सापडल्या. सूप आता मी करतो. मीठ दोनदा पडतं.

पंडितांचं पत्र सोबत आहे. चर्चमध्ये वाचून दाखव. आणि नुता आत्यांना माझा नमस्कार सांग. या वेळी साधा.

तुझा,
लापो


काप्रेतो, संत मार्गारिताचा दिवस, जुलै

प्रिय लापो,

आत्या घरी आली. खोकला निम्मा उतरला आहे. पंडितांचं पत्र मी चर्चमध्ये वाचलं, की काप्रेतोच्या धर्मगुरूच्या घरातली बाई ही तपासून पाहिलेली, खरी आत्या आहे. गाव खोकलं नाही. बाहेर पडताना बदकवाली पुढं झाली आणि म्हणाली, "आत्या, तब्येत कशी आहे?" आणि हसली नाही. बदक मात्र परत नेलं नाही. अंगणात फिरतं आहे, आत्याच्या मागं मागं. पास्काच्या छपराचं भोक गावातल्या पुरुषांनी न सांगता बुजवलं.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. कढईचं आलं तिथं तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ शेंगा सोलत बसली.

"त्या पोरीला इकडे धाड म्हणावं," ती म्हणाली. "पास्काचं घर रिकामं आहे. छप्परही झालंय."

"आत्या," मी म्हटलं, "ती लापोची मैत्रीण आहे. धर्मगुरूंना मैत्रीण ठेवता येत नाही. लापोलाही नाही, मलाही नाही."

"तुला कोण ठेव म्हणतंय? तू कान धू. लिही त्याला."

म्हणून ती सांगते तसं लिहितो. लापो, तू साखळी सोडून तो ग्रंथ पुन्हा उघड आणि नीट बघ. धर्मगुरूनं मैत्रीण ठेवू नये, कबूल. पण धर्मगुरूच्या आत्यानं ठेवू नये, असं कुठं लिहिलंय का? नसेल तर खेचरवाला बुधवारी परत निघतो, फियोरेला त्याच्याबरोबर धाड, आणि कढई आण म्हणावं.

बघताना चष्मा पुसून बघ.

तुझा,
वेंतुरा